न उघडलेलं झाकण: जळगावातल्या एका घराची तपासणी आणि त्यानंतर आम्ही बदललेलं प्रशिक्षण

हे प्रकरण माझ्याच कार्यालयातलं आहे. घर, माणसं आणि वसाहत ओळखू येऊ नये एवढे तपशील काढून टाकले आहेत. बाकी जसं घडलं तसं लिहितो. ज्यांनी हे घर घेतलं त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

आमच्याकडे जुनं घर विकत घेणारा माणूस कागद नीट बघतो. सिटी सर्व्हेचा उतारा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, घरपट्टीची पावती. कर्ज असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो, आणि तो आला म्हणजे घर कोणीतरी तपासलं असं लोक धरून चालतात. पण व्हॅल्युअर किंमत काढतो. स्वयंपाकघराच्या मोरीखाली पाणी मुरतंय का हे बघणं त्याच्या कामात बसत नाही, आणि त्याने ते बघितलं नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

ही मधली जागा भरायची म्हणून मी घर तपासणीचं काम सुरू केलं. मी स्थापत्य अभियंता, वीसेक वर्षं साइटवर काढलेली. हाताखाली चौघे: दोन डिप्लोमावाले, एक आयटीआयचा ड्राफ्ट्समन, एक मुलगी नुकतीच बीई झालेली. खरेदीआधी घर बघायचं, फोटो काढायचे, मराठीत अहवाल द्यायचा. जळगाव, भुसावळ, धुळे, क्वचित शहादा-नंदुरबारपर्यंत.

आपल्या देशात होम इन्स्पेक्टर होण्यासाठी कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. वायरिंग करणाऱ्याला परवाना लागतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खाली मूल्यांकन करणाऱ्याला ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी आहे. जुन्या सोसायट्यांना तर आदर्श उपविधीत स्ट्रक्चरल ऑडिटचं वेळापत्रकच दिलेलं आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे गेली की तीन वर्षांतून एकदा. पण सुटं घर, रो हाऊस, प्लॉटवरचा बंगला विकत घेताना त्याची प्रकृती कोणी तपासावी, त्या माणसाचं शिक्षण काय असावं, यावर एक ओळ नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो.

म्हणून आम्ही बाहेरचा आधार घेतला. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स (एएसएचआय) ही संघटना १९७६ सालची, तिची कामाची मानकं सगळ्यांना वाचायला खुली आहेत. ब्रिटनमध्ये १८६८ पासूनची आरआयसीएस ही सर्व्हेअर लोकांची संस्था आहे, तिने घराच्या पाहणीच्या तीन पातळ्या ठरवून दिल्या आहेत आणि कोणत्या पातळीत काय बघितलं जातं हे ग्राहकाला आधी सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियात खरेदीपूर्व पाहणीसाठी स्वतंत्र मानकच आहे, एएस ४३४९.१. आमच्या डिप्लोमावाल्या एका मुलाने परदेशी संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं. रात्री जागून, इंग्रजीशी झटापट करत. मी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि तो आजही वाटतो. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

पाहणीचा दिवस

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मूळ अमळनेर तालुक्यातले, नोकरी भुसावळला, मुलगी जळगावात दिलेली. तिच्याजवळ राहायचं म्हणून त्यांनी जळगावच्या बाहेरच्या अंगाला एक घर बघितलं. चौदा वर्षांचं, एकमजली, विटांच्या भिंतींवर स्लॅब. मूळ मालक सुरतला स्थायिक झालेला, घर सात-आठ महिने बंद. किंमत त्यांच्या आवाक्यातली. तपासणीची आमची फी सात हजार रुपये ठरली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. दुपारी पारा ४४ च्या वर. आमचा तो प्रमाणपत्र मिळवलेला मुलगा सकाळी आठला पोचला आणि साडेअकराला निघाला. त्याने काय केलं ते मी नंतर त्याच्या फोटोंवरून मिनिटागणिक जुळवलं. स्लॅबवर गेला, वॉटरप्रूफिंग बघितलं. खोल्यांत ओल नव्हती, असणारच नव्हती. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटमध्ये टेस्टर लावला, सगळीकडे अर्थिंग ठीक दाखवलं. दारं उघडून-लावून पाहिली, छान लागत होती. मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी एक केसाएवढी तिरकी भेग दिसली. तिचा फोटो काढला. अहवालात लिहिलं: "प्लॅस्टरमधील किरकोळ भेग. रंगकामापूर्वी पुट्टीने भरावी."

त्याच फोटोत, भेगेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचा रंग बाकी भिंतीपेक्षा उजळ दिसतो. घर बंद, रंग सगळा जुना, आणि तेवढाच पट्टा ताजा. फोटो मोठा केला की दिसतं. त्या दिवशी त्यालाही दिसलं असेल, पण दिसलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायची सवय अजून लागलेली नव्हती. संध्याकाळी मीही तोच फोटो बघून अहवालावर सही केली.

त्या खोलीच्या बाहेर, भिंतीपासून दीड हातावर, मोरीच्या पाण्याचं चेंबर होतं. वर सिमेंटचं झाकण, झाकणावर फुटकी कुंडी. ती कुंडी बाजूला केली गेली नाही आणि झाकण उघडलं गेलं नाही.

अडचण कुठे उघडी पडली

जूनमध्ये खरेदीखत झालं, महिन्याच्या शेवटी आबा राहायला आले. पाऊस लागला. नव्या घरातली पहिली कानबाई (आमच्या खान्देशातला देवीचा सण) म्हणून श्रावणात मावशींनी, म्हणजे आबांच्या पत्नींनी, घर स्वच्छ करायला काढलं. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी रोटांचं पीठ मळून ठेवलेलं, पाहुणे ओट्यावर, आणि मागच्या खोलीचं दार लागेना. वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासून अडकलं. खिडकीवरची भेग आता लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, वर निघून छतापर्यंत गेली होती. तिच्यात नाणं उभं राहत होतं.

आबांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ओरडले नाहीत. मी गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, अहवालाची प्रत पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हना पोऱ्यानी सर्टिफिकेट दखाडं. पन ते झाकन काबर नई उघाडं?"

आम्ही दोघांनी मिळून झाकण उघडलं. चेंबरचा तळ फुटलेला होता. आणि स्लॅबवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइपही त्याच चेंबरमध्ये सोडलेला. म्हणजे अख्ख्या गच्चीचं पाणी आणि रोजचं मोरीचं पाणी थेट त्या एका कोपऱ्याच्या पायाखाली जात होतं.

खाली काळी माती. खान्देशातला कोणताही शेतकरी हे सांगेल: उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन फुगते. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते थरांमध्ये पाणी ओढून घेतं. घर आठ महिने बंद, मोरीचं पाणी बंद, वर मे महिन्याचं ऊन. तो कोपरा पार वाळून खाली बसलेला. आमचा मुलगा गेला तेव्हा भेग वर्षातल्या सगळ्यांत शांत अवस्थेत होती. पाऊस आला, माणसं राहायला आली, कोपरा फुगून वर उचलला गेला. बाकीच्या तीन बाजूंना फरशी होती, तिथे माती एवढी भिजलीच नाही.

मातीबद्दल कोणी शंका घेऊ नये म्हणून मी नमुना घेतला. चाचणी साधी आहे, आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मध्ये दिलेली. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम, काचेच्या दोन मोजनळ्या, एकीत पाणी आणि एकीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी रॉकेलच्या नळीत माती १२ मिलिलिटरवर होती, पाण्याच्या नळीत २१ वर. पंच्याहत्तर टक्के फुगवटा. त्या दोन नळ्या मी चौघांना दाखवल्या. बीई झालेल्या मुलीने ही चाचणी परीक्षेत लिहिली होती, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होती.

अजून एक गोष्ट त्याच भेटीत निघाली. मावशी म्हणाल्या, वॉशिंग मशिनला ओल्या हाताने शिवलं की कधीकधी मुंग्या येतात. परवानाधारक वायरमन बोलावला. मागच्या दोन सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती. कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून ठेवले होते. अशा सॉकेटला थ्री-पिन टेस्टर लावला तर दिवे बरोबरच लागतात, कारण टेस्टरला हा जोड ओळखता येत नाही. मागून न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला तर मशिनचा पत्राच फेजवर येतो. भेगेपेक्षा ही गोष्ट मला जास्त हादरवून गेली. भेग माणसाला वेळ देते.

पर्याय

आबांच्या बाबतीत आमच्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली, हात वर करण्याची. आमच्या करारात "केवळ दृश्य पाहणी" असं छापलेलं होतं. परदेशी मानकंही हेच सांगतात की तपासनीस फोडतोड करत नाही, पुढे काय होईल याचं भाकीत करत नाही, अभियांत्रिकी विश्लेषण करत नाही. पण तीच मानकं आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती मला त्या रात्री पुन्हा वाचावी लागली: जे तपासणीच्या यादीत आहे पण तपासलं गेलं नाही, ते आणि त्याचं कारण अहवालात लिहायचं. आमच्या मुलाच्या मूळ इंग्रजी फॉर्ममध्ये तो रकाना होता. मराठी फॉर्म मी तयार केला. ग्राहक म्हणायचे, अहवाल फार लांब होतो. म्हणून "न तपासलेले भाग" हा रकाना मी स्वतः काढला होता. "दृश्य पाहणी" या दोन शब्दांमागे लपायचा हक्क मी त्याच दिवशी गमावला.

दुसरी वाट फी परत करून विषय मिटवण्याची. सात हजारांत तो कोपरा खाली बसणार नव्हता.

तिसरी, आबांनी मूळ मालकावर जावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. ताजा रंगाचा पट्टा पुरावा म्हणून उभा करता आला असता. रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं, काय, असंही आबांच्या जावयांनी विचारलं. रेरातली पाच वर्षांची दोषदायित्वाची मुदत ताबा मिळाल्यापासूनची आणि ती बिल्डरवर. चौदा वर्षांच्या, एका माणसाने दुसऱ्याला विकलेल्या घराला ती लागत नाही. आबा मालकाशी भांडायला तयार नव्हते. दूरची सोयरीक होती.

चौथी वाट, ते माझ्यावर येण्याची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतली त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हे मी त्यांना स्वतः सांगितलं. माझ्या वकील मित्राला ते आवडलं नाही. पण ज्या माणसाने आमच्या कागदावर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी घातली, त्याला त्याचा हक्क आमच्याकडूनच कळायला हवा होता.

केलेली कामं

फी परत केली. चेंबर, पाइप आणि वायरिंगचा खर्च आम्ही उचलला. भिंतीच्या दुरुस्तीचा निम्मा.

दुरुस्ती कशी करायची यावर मतं फाटली. एका ठेकेदाराने कोपरा खोदून कॉलम टाकायला सांगितलं, दुसऱ्याने भेगेत ग्राउट भरून मोकळं व्हायला. मी नाशिकहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं, कारण इथे माझंच मत मला पुरेसं वाटेना. त्यांनी दोन्हींना नकार दिला. म्हणाले, आधी पाणी आवरा, एक पूर्ण वर्ष भेग बघा, मग भिंतीला हात लावा.

तसंच केलं. चेंबर नवं बांधून भिंतीपासून लांब नेलं, गच्चीचा पाइप थेट गटाराकडे वळवला, त्या बाजूने तीन फूट रुंद फरशी उतार देऊन घातली. भेग हलली की तडकून कळावं म्हणून तिच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या आणि प्रत्येकीच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलने तारीख घातली. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन जोत्याच्या चार कोपऱ्यांची पातळी मोजली. मागचा कोपरा समोरच्यापेक्षा १४ मिलिमीटर वर होता. हे मोजमाप दर महिन्याला घ्यायचं काम त्याच मुलाला दिलं, ज्याने पहिली तपासणी केली होती.

याबद्दल मला दोघा-तिघांनी सुनावलं. त्या घरी त्याला परत कशाला पाठवतोस, त्याला अपमान वाटेल. पहिल्या महिन्यात त्याला तसं वाटलंही. पण मावशींनी त्याला कधी तोंडावर काही म्हटलं नाही, आणि तिसऱ्या महिन्यापासून तो मोजमापाची वही घेऊन स्वतःहून निघायला लागला. सप्टेंबरमध्ये वरची काच तडकली तेव्हा फोन त्यानेच केला, आबांच्या आधी.

प्रशिक्षणाचा प्रश्न

मुलाने अभ्यास केला नव्हता असं नाही. त्याच्या अभ्यासक्रमात बर्फाचं वजन, तळघरातली भट्टी, लाकडी फ्रेमची वाळवी हे सगळं होतं, आणि फुगणाऱ्या मातीवरही काही पानं होती. त्याने ती वाचली होती. पण मे महिन्यातली भेग आणि ऑगस्टमधली भेग एकच असते हे त्याने पाहिलेलं नव्हतं. खान्देशातल्या गावांमधली धाब्याची घरं, त्यावर दरसाल पसरायची माती, तापीकाठच्या पिवळ्या मातीवरचा पाया, रावेर-यावलकडे केळीच्या बागेला लागून बांधलेलं घर जिथे बाराही महिने शेजारी ठिबक चालतं: यातलं काहीच त्या यादीत नसणार, आणि ती त्या संस्थेची चूक नाही.

मग प्रमाणपत्राचं काय करायचं, यावर आम्ही पाच जण दोन रविवार बसलो. एक मत असं होतं की यापुढे फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच घर तपासावं. ऐकायला सुरक्षित. पण तसं केलं तर फी तिपटीने वाढते आणि आबांसारखा माणूस तपासणी करतच नाही. शिवाय सॉकेटमधला जोड स्ट्रक्चरल इंजिनिअरलाही सापडला नसता. दुसरं मत, सरकार नियम करेल तेव्हा बघू. अमेरिकेतही सगळीकडे परवाना नाही, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात आजही होम इन्स्पेक्टरला परवाना लागत नाही. तिथल्या चांगल्या लोकांनी नियमाची वाट पाहिली नाही.

मला दिशा मिळाली ती न्यूयॉर्क राज्याच्या नियमातून. तिथे परवान्यासाठी १४० तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांवर, परवानाधारक तपासनिसाच्या नजरेखाली. एएसएचआयचं पूर्ण प्रमाणपत्र हवं असेल तर २०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा तर आहेच, वर फी घेऊन केलेल्या २५० तपासण्या दाखवाव्या लागतात. म्हणजे तिकडेही कागदाच्या मागे घरं मोजली जातात. आमच्या मुलाच्या प्रमाणपत्रामागे देखरेखीखालचं एकही घर नव्हतं आणि ते बघायचं काम माझं होतं.

आम्ही ठरवलं ते असं. ऑनलाइन प्रमाणपत्र राहील, ती पहिली पायरी. त्यानंतर चाळीस घरं कोणाच्या तरी मागे उभं राहून. त्यात किमान दहा घरं दोनदा, एकदा आखाजीच्या सुमारास आणि एकदा श्रावण-भाद्रपदात. एक तरी धाब्याचं घर, एक तरी बागायतीला लागून असलेलं. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय कोणाचीही एकट्याची सही अहवालावर जाणार नाही. विजेच्या बाबतीत आमचा माणूस फक्त दिसतं ते लिहील. अर्थिंगची चाचणी परवानाधारक वायरमन करेल आणि त्याची सही वेगळी असेल.

वाद रंगला तो परीक्षेवर. शिकवणारा मी, मग परीक्षाही मीच घ्यायची? माणसांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचं आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक याच ठिकाणी बोट ठेवतं: शिकवणं आणि प्रमाणित करणं एका घरात आलं की निःपक्षपातीपणाला धोका. आमच्यासारख्या पाच माणसांच्या कार्यालयाला ते मानक लागू नाही, पण मुद्दा लागू आहे. माझ्या हाताखालचा मुलगा नापास केला तर माझंच काम अडतं, मग मी त्याला नापास कसा करणार? म्हणून पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या एका सरांना विनंती केली. त्यांना घर माहीत असतं, घराचे दोष माहीत असतात, परीक्षार्थी माहीत नसतो. तीन तास घरात, दोन तास लिहायला. सर फॉर्ममध्ये सगळ्यांत आधी "न तपासलेले भाग" हा रकाना वाचतात. तो कोरा असेल तर पुढचं वाचत नाहीत.

निष्पत्ती

दिवाळीपर्यंत दार पुन्हा लागायला लागलं. ऑगस्टमध्ये ३ मिलिमीटर असलेली भेग पुढच्या मे महिन्यात १ वर आली होती, जोत्याचा फरक १४ वरून ५ वर. दुसऱ्या पावसाळ्यात भेग दीडच्या पुढे गेली नाही आणि जोतं ७ वर थांबलं. त्यानंतर इंजिनिअरांनी भिंत शिवायला परवानगी दिली. विटांच्या सांध्यात सळ्या बसवून भेग बांधून घेतली. आबांनी ग्राहक आयोगात तक्रार केली नाही. करणार नव्हतेच, असं ते म्हणतात, पण सांगितलं ते बरं केलं, असंही म्हणतात.

तो मुलगा त्या वर्षीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला. एका स्नानगृहाच्या वरची टाकी त्याने बघितली नव्हती आणि बघितली नाही असं लिहिलंही नव्हतं. चार महिन्यांनी पुन्हा बसला आणि पास झाला. आज एकट्याने सही करतो.

नुकसानही झालं. चौघांपैकी दोघे निघून गेले. वर्षभर कोणाच्या तरी मागे उभं राहायचं आणि पूर्ण पगार नाही, हे त्यांना परवडलं नाही, आणि मी त्यांना थांबा म्हणू शकलो नाही. त्यातल्या एकाने स्वतःचं काम सुरू केलंय, आमच्यापेक्षा कमी फीत. ऑनलाइन प्रमाणपत्र त्याच्याकडेही आहे. ग्राहकाच्या हातात दोन कागद सारखेच दिसतात.

पुन्हा करायचं झालं तर

पाहणीच्या दिवशीचा निर्णयाचा क्षण एकच होता, कुंडी बाजूला करायची की नाही. तिथे मी मुलाला दोष देत नाही. उन्हात, साडेतीन तासांनंतर, फॉर्ममध्ये नसलेली गोष्ट माणूस करत नाही. दोष फॉर्मचा, म्हणजे माझा. रकाना काढताना मला वाटलं होतं मी अहवाल सोपा करतोय.

दुसरा क्षण सहीचा. सही करताना मी भेगेचा फोटो सहा इंचाच्या पडद्यावर बघितला. आता प्रत्येक भेगेचा फोटो संगणकावर मोठा करून बघतो आणि भेगेशेजारी मोजपट्टी नसेल तर फोटो परत पाठवतो. बंद असलेल्या घराच्या अहवालात पहिल्याच पानावर लिहितो की घर अमुक महिने रिकामं होतं, त्यामुळे पाण्याच्या वापराने दिसणारे दोष आज दिसणार नाहीत. शक्य असेल तिथे आदल्या दिवशी सगळे नळ तासभर सोडून ठेवायला सांगतो. शेजाऱ्यांना विचारतो की गेल्या पावसाळ्यात या घराचं दार कधी अडकलं होतं का. हा प्रश्न कुठल्याच परदेशी यादीत नाही आणि याच प्रश्नाने आतापर्यंत दोन घरं वाचली.

मे महिन्यात तपासलेल्या आणि काळ्या मातीवरच्या घराला आम्ही आता श्रावणात फुकट फेरी देतो. खरेदी होऊन गेलेली असते, त्यामुळे त्या फेरीने सौदा बदलत नाही. तरी भेग एका बोटाची होण्याआधी पाणी वळवता येतं. खर्च आमच्या अंगावर पडतो, आणि फी वाढवल्याशिवाय हे किती वर्षं चालेल हा हिशेब मला अजून बसवता आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी आजही वेगळी करेन. नापास झालेल्या मुलाच्या पगाराची सोय आधी लावून मग परीक्षा कडक करेन. गेलेले दोघे कामाला वाईट नव्हते. त्यातली ती बीई झालेली मुलगी तर रॉकेलच्या नळीसमोर सगळ्यांत जास्त वेळ उभी होती. सध्या ती पुण्यात एका बिल्डरकडे बिलिंग बघते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता, पगार ठरला तर परत येईन म्हणाली. आकडा मी अजून कळवलेला नाही. या आठवड्यात बसून काढणार आहे.